त्रेचाळीस मांजरांचं घर

मावशीला मांजरं आवडायची नाहीत. दुकानात येणाऱ्या कुणालाही ती हे तोंडावर सांगायची. बोक्याच्या मुताचा वास आला की ती नाक दाबून बाहेर पडायची. अंगावर मांजराचा केस दिसला की पालीचं शेपूट हाती लागल्यासारखी ती तो चिमटीत धरून लांब फेकायची. आणि तरी बाजारातल्या त्या गल्लीत सगळे तिला 'वाघाची मावशी' म्हणायचे, कारण चौदा वर्षांत तिनं तीनशेच्या वर भटक्या मांजरांची नसबंदी करून घेतली होती आणि पिल्लांना घरं शोधून दिली होती ती वेगळीच. पुढे लोकांनी वाघाला गाळलं आणि नुसती मावशी उरली.

तिचा धंदा पडदे शिवण्याचा. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे कापडाचे तागे, मध्ये दोन शिलाई मशिनं, मागे न्हाणीघराएवढी जागा आणि तिथे एकावर एक रचलेले पिंजरे. मापं घ्यायला ती लोकांच्या घरी जायची. टेप घेऊन खिडकीशी उभं राहिलं की तिला अख्खं घर कळायचं. जुना पडदा बाजूला सारला की मागे कधी मेलेली झुरळं, कधी कुजलेलं फळ, कधी भिंतीवर हिरवी बुरशी. बैठकीत बसून सुगंधी अगरबत्तीचं कौतुक सांगणाऱ्या माणसांच्या खिडकीच्या चौकटीत काय काय असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नाक तिचं भलतंच तिखट. ते नवऱ्याला चांगलंच माहीत होतं. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता आणि घरात शिरण्याआधी दारातच त्याला बूट, मोजे आणि शर्ट उतरवावे लागायचे.

अशा बाईनं हे काम अंगावर का घेतलं? तर त्यामागे एक पिशवी होती.

चौदा वर्षांपूर्वी एका मांजरीनं तिच्या दुकानात, अस्तराच्या चिंध्यांच्या पोत्यात पिल्लं घातली. शेजारीच एका गिऱ्हाइकाचं साईच्या रंगाचं कापड घडी करून ठेवलेलं होतं, त्याची पार वाट लागली. मावशीचा पारा चढला. तिनं मांजरीला झाडूनं हाकललं आणि पोतं उचलून दोन दुकानांमधल्या बोळात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना कचऱ्याच्या डब्यात एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी तिला दिसली. पिशवी हलत होती. गाठ सुटेना म्हणून तिनं ती कात्रीनं कापली. आत चार पिल्लं होती, ओलीनं आणि घाणीनं चिकटून एक गोळा झालेली. तिघं गेली होती. चौथं तोंड उघडत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

शेजारच्या खिळे-स्क्रूवाल्याला तिनं जाब विचारला. तो हसला. "अहो, घाण होती ती साफ केली. तुम्हीच बाहेर ठेवली होतीत ना?"

त्याच्या हसण्याची तिला किळस आली. पण रात्री जेवायला बसल्यावर घास घशाखाली उतरेना तो त्याच्यामुळे नव्हे. पोतं बाहेर कुणी ठेवलं, हा प्रश्न काही केल्या गिळला जात नव्हता.

चौथं पिल्लू जगलं. त्यानंतर एक एक करत सगळं मागे लागत गेलं. पिंजऱ्यात खाणं ठेवून मांजर पकडायचं, बाजारापलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक छाटून घ्यायचं, जखम भरली की जिथून आणलं तिथे सोडायचं. पिल्लं लहान असली तर माणसाळवायची आणि त्यांना घर शोधायचं. हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून ती हे सगळं करायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "मावशी, तुमच्याइतकं तोंड वाकडं करून कुणी मांजर वाचवत नसेल." मावशी म्हणायची, "तोंडानं कुठे पकडायचंय?"

मांजरांच्या घाणीची तिला हळूहळू सवय झाली. पू, जंत, चिकटलेले डोळे, एकदा तर शेपटीच्या मुळाशी वळवळणाऱ्या अळ्या. त्या तिनं चिमट्यानं एक एक मोजत काढल्या आणि मग बाहेर जाऊन ओकून आली. पण माणसांची सवय होईना. एक जोडपं पिल्लू परत घेऊन आलं, कारण त्याचा रंग नव्या सोफ्यावर 'उठून दिसत नव्हता'. एका गृहस्थाला फक्त पांढरं हवं होतं, आणि तेही न वाढणारं. एक बाई तीन वर्षं पाळलेली मांजरी घेऊन आल्या. "आता मूल झालंय, त्यामुळे हिची तशी गरज नाही," असं म्हणाल्या आणि जाता जाता पडद्यांची नवी डिझाइन्स बघून गेल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे खोकी. भर उन्हात, शटरसमोर, चिकटपट्टीनं बंद केलेली बुटांची खोकी. वर लिहिलेलं असायचं, 'मावशींसाठी'. जणू मिठाईच.

अशा दिवसांत ग्रंथालयवाल्या बाई तिला देवासारख्या भेटल्या.

त्या एका शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. एकट्या. कपडे कडक इस्त्रीचे, अंगाला अत्तर, चष्म्याला दोरी, बोलणं हळू आणि शुद्ध. पहिल्यांदा आल्या तेव्हा वेताची टोपली आणि धुतलेला टॉवेल सोबत घेऊन आल्या होत्या. पिल्लू उचलण्याआधी हात धुवायला पाणी मागितलं. मावशीनं मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस भेटलं. तिनं उरलेल्या निळ्या मखमलीची एक छोटी उशी शिवून पिल्लाबरोबर दिली. आठवड्यानं फोनवर फोटो आला. निळ्या उशीवर झोपलेलं गुबगुबीत पिल्लू.

दोन वर्षांत बाईंनी तिच्याकडून नऊ पिल्लं नेली. मावशीनं विचारायचं, "बाई, एकच उरलंय, बघता का?" आणि बाईंनी म्हणायचं, "आणते टोपली." दर वेळी फोटो यायचा. दर वेळी तीच उशी, तोच कोपरा. नववं पिल्लू तिरळं होतं. मावशीनं त्याला सुईशिवायच्या इंजेक्शनच्या नळीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि कबूल केलं नसतं तरी त्याच्यात तिचा जीव अडकला होता. तेसुद्धा तिनं बाईंनाच दिलं.

बाकी प्रत्येक घर ती पारखून घ्यायची. मापं घ्यायच्या निमित्तानं का होईना, एकदा आत डोकावून यायची. बाईंच्या घरी मात्र ती कधी गेली नाही. वेळ नव्हता, असं ती स्वतःला सांगायची. खरी गोष्ट अशी की सगळी दारं बंद झाली तरी एक दार उघडं असतं, हे तिला हवं होतं. ते दार ठोठावून बघायची तिची इच्छा नव्हती.

मग एके दिवशी दुकानात एक वहिनी आल्या. त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा हवा होता, जितका जाड मिळेल तितका, दुहेरी अस्तराचा.

"ऊन येतं का?" मावशीनं विचारलं.

"ऊन कसलं! समोरच्या फ्लॅटमधून घाण वास येतो. दोन वर्षं झाली. जेवण जात नाही हो."

मावशी माप घ्यायला गेली. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, चकचकीत ओटा. वहिनींनी खिडकी उघडली आणि मावशीच्या हातातला टेप सर्रकन गुंडाळला गेला. तो वास तिनं ओळखला. एका बोक्याचा नव्हता तो, दहांचाही नव्हता. मुताचा उग्र भपका होता आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर, कुजकं. समोर हात-दोन हातांवर दुसरी खिडकी होती, काच पिवळी पडलेली. काचेच्या आतल्या बाजूला एक उशी टेकलेली होती. रंग कळत नव्हता इतकी ती मळलेली, पण काठाची दुहेरी शिवण मावशीनं स्वतःच्या हातांनी घातली होती.

ती जिना उतरली, पलीकडचा जिना चढली आणि बेल दाबली.

बराच वेळ काही नाही. मग दार चार बोटं उघडलं. इस्त्रीचे कपडे, दोरीचा चष्मा. "मावशी? तुम्ही? आज घर जरा आवरलेलं नाही हो. उद्या याल का?"

मावशीनं दारात पाय घातला. आयुष्यात तिनं कुणाशी असं केलं नव्हतं.

आत दिवसाढवळ्या अंधार होता. पायाखाली वर्तमानपत्रं होती, एकावर एक, ओली, आणि त्यांवर पाय घसरत होता. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांऐवजी मांजरं होती. प्रत्येक फळीवर तीन-चार, अंग चोरून बसलेली, बरगड्या दिसणारी, डोळे पिवळ्या घाणीनं मिटलेले. कुणी ओरडत नव्हतं. एवढी मांजरं आणि घर चिडीचूप. फक्त शिंका ऐकू येत होत्या. भिंती माणसाच्या गुडघ्यापर्यंत तपकिरी झाल्या होत्या. एकच कोपरा होता, टॉवेल अंथरलेला, टेबलदिव्याखालचा, वीतभर स्वच्छ. फोटोचा कोपरा.

"खाणं घालते मी रोज," बाई मागून म्हणत होत्या. "मी अर्धंच जेवते, पण त्यांना घालते."

मावशीच्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारीचं पाणी. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ शोधला आणि जाता जाता फ्रीजचं दार उघडं दिसलं म्हणून ते लावायला गेली. वरच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या पुड्या होत्या, दोऱ्यानं नीट बांधलेल्या. प्रत्येकीवर सुंदर अक्षरात एक आकडा.

ती जिन्यात पोचली आणि तिथेच ओकली.

तोंड पुसून ती परत वर आली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. हातात लाकडाची एक लांबट पेटी होती, ग्रंथालयात असते तशी, कार्डांची. "सगळी नोंद आहे," त्या म्हणाल्या, जणू कुणी तपासणीला आलं होतं. प्रत्येक मांजराचं एक कार्ड. आकडा, रंग, आल्याची तारीख, कुणाकडून. मावशीनं उभ्या उभ्या कार्डं चाळली. औषधवाला. शाळेतल्या शिक्षिका. इस्त्रीवाला. 'पडदेवाल्या मावशी', नऊ वेळा. त्यांतल्या पाच कार्डांवर तिरकी रेघ होती. तिरळ्या पिल्लाच्या कार्डावर आल्याची तारीख होती आणि रेघेखाली गेल्याची. मध्ये अकरा दिवस. फोटो तिला चौदाव्या दिवशी आला होता.

"मग झोपलेल्या पिल्लाचा तो फोटो कुणाचा पाठवलात?" तिनं विचारलं.

बाईंनी कार्डं पुन्हा सरळ लावली. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि मला नाही म्हणता येत नाही, मावशी. तुम्हीच विचारायचात ना, एकच उरलंय म्हणून?"

मावशीला त्या बाईंची किळस आली, त्यांच्या इस्त्रीची, त्यांच्या सुंदर अक्षराची. पण खिळे-स्क्रूवाल्याला जसा तिनं जाब विचारला होता तसा इथे विचारता येईना. कुठलाही शब्द घेतला तरी तो उलटून तिच्याच अंगावर येत होता.

घर रिकामं करायला नऊ दिवस लागले. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याची मागची खोली दिली. पहिल्या दिवशी त्यांनी मोजदाद केली. जिवंत त्रेचाळीस. त्यातली सहा इतकी संपली होती की त्यांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. मावशीनं सहाही जणांना स्वतः धरलं. हातमोजे न घालता.

नवऱ्याला तिनं काही मागितलं नव्हतं. मांजर या विषयावर तो बारा वर्षं मौन पाळून होता. पण दुसऱ्या दिवशी तो डेपोतून खरवडायच्या पट्ट्या, तोंडाला बांधायचे मास्क आणि दोन बादल्या घेऊन हजर झाला. पंधरा मिनिटं फरशी खरवडली आणि म्हणाला, "बावीस वर्षं बसच्या पोटाखाली काढली. ग्रीसला नावं ठेवल्याबद्दल माफी मागतो." मग पुन्हा खाली बसला. त्या संध्याकाळी घराच्या दारात मावशीनंच स्वतःचे कपडे उतरवून बादलीत टाकले आणि तो हसला.

बाई जिन्यात खुर्ची टाकून बसायच्या. पिंजरा बाहेर आला की आकडा सांगायच्या. "सत्तावीस. उजवा कान दुखतो तिचा." आणि त्यांचं चुकायचं नाही. मावशीला ते ऐकवायचं नाही. इतकं माहीत होतं तर!

तिसऱ्या दिवशी त्यांचा भाचा उगवला, रुमालानं नाक दाबून. "आत्या, काय हे! लोक काय म्हणतील?" मग मावशीला बाजूला घेऊन म्हणाला, "हे लवकर आटपा. आणि बोभाटा नको. मला फ्लॅट विकायचाय पुढेमागे."

"यापूर्वी कधी आला होतात आत्याकडे?" मावशीनं विचारलं.

"कामं असतात हो."

बोभाटा व्हायचा तो झालाच. खालच्या मजल्यांवरची माणसं जिन्याच्या कठड्याला टेकून फोनवर चित्रण करायला लागली. 'शी शी' म्हणायची आणि आणखी जवळ यायची. एका काकांनी तर पिंजरा खाली ठेवायला सांगितला, नीट फोटो यावा म्हणून. मावशीच्या नवऱ्यानं बादलीतलं पाणी त्यांच्या चपलांपर्यंत जाईल अशा बेतानं ओतलं.

नवव्या दिवशी पडद्याच्या वहिनींनी खिडकीतून हाक मारली. "मावशी, आता वास कमी झाला बरं का. पण पडदा करूनच टाका. कधीपर्यंत देताय?"

मावशीच्या हातात तेव्हा कार्डांची पेटी होती. ती खिडकीशी गेली. "वहिनी, तुमचं नाव आहे यात. तीनदा."

वहिनींचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अहो, आमच्या गच्चीवर झाली होती पिल्लं. मग कुणाला देणार? त्यांना आवडतात मांजरं, असं सगळेच म्हणायचे."

"आणि वास यायला लागल्यावर?"

"दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?"

"पडदा मी शिवणार नाही," मावशी म्हणाली. "दुसरीकडून करून घ्या."

खिडकी लावून घेताना तिच्या मनात आलं की आपण ऐटीत बोललो खरं, पण वहिनींची तीन आणि आपली नऊ. त्या रात्री तिनं दोनदा अंघोळ केली. वास अंगाला नव्हता, हे तिलाही कळत होतं.

पुढचे आठ महिने त्या मांजरांना जागा शोधण्यात गेले. चार दवाखान्यातच गेली. माणसाळण्यापलीकडची अकरा एका छापखान्याच्या आवारात सोडली. तिथल्या पहारेकऱ्याला उंदरांचा वैताग होता आणि तो दोन वेळा खाणं घालायला तयार झाला. बाकीच्यांसाठी मावशी दारोदार फिरली. आता ती कुणाचाही शब्द प्रमाण मानत नव्हती. आधी घर बघायची, पंधरा दिवसांनी न सांगता पुन्हा जायची. लोक चिडायचे. "मांजर देताय की मुलगी?" असं एकानं विचारलं. मावशी त्याला म्हणाली, "मुलगी तुम्हाला दिलीच नसती." मांजरही दिलं नाही. एका डोळ्याची एक म्हातारी मांजरी कुणीच नेली नाही. ती शेवटी दुकानातच राहिली, तागे ठेवायच्या फळीवर. मावशी तिला दिवसातून दहा वेळा खाली उतरवायची आणि दहा वेळा शिव्या द्यायची.

आणि ती 'नाही' म्हणायला शिकली. पिंजरे भरले की फोनवर सांगायची, "जागा नाही. पुढच्या आठवड्यात विचारा." पलीकडून रडणं ऐकू यायचं, कधी शिव्या. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग यायचा, पण शब्द ती मागे घ्यायची नाही. जागा नसताना हो म्हटलं की काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

राहिल्या बाई. भाच्यानं फ्लॅट रंगवून घेतला, पण विकायचं इतक्यात जमलं नाही, म्हणून त्या तिथेच राहिल्या. त्रेचाळिसांतली दोन मांजरं दवाखान्यात खाईनात. क्रमांक आठ आणि क्रमांक सोळा, दोघी म्हाताऱ्या, दोघींची नसबंदी झालेली. नळीनं भरवलं तरी ओकून टाकायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, या त्यांच्याशिवाय जगायच्या नाहीत."

मावशी चार दिवस भांडली. डॉक्टरीणबाईंशी, नवऱ्याशी, मशिनाशी. पाचव्या दिवशी दोघींना पिंजऱ्यात घालून ती तो जिना चढली.

"दोनच," तिनं दारातच सांगितलं. "तिसरं दिसलं तर या दोघीही नेईन. आणि मी दर मंगळवारी येणार. आधी सांगणार नाही, किती वाजता ते."

बाईंनी मान डोलावली. पिंजऱ्याचं दार त्यांनीच उघडलं. क्रमांक आठ बाहेर आली, बाईंच्या पायांत घुटमळली आणि तिथेच बसून बशीतलं खायला लागली. मावशीनं तोंड फिरवलं. चांगलं वाटावं अशी ती गोष्ट होती आणि तिला चांगलं वाटत नव्हतं.

त्याला आता दीड वर्ष झालं. एकही मंगळवार चुकला नाही. मावशी जाते, बेल वाजवते, बाई लगेच दार सताड उघडतात. मावशी सरळ आत जाते, मांजरींच्या शी-शूचा मातीचा ट्रे बघते, फ्रीजचा वरचा कप्पा उघडून बघते, कपाटामागे वाकते, मांजरींचे डोळे आणि कान तपासते. मग खोलीच्या मधोमध उभी राहून खोल श्वास घेते. फिनेलचा वास असतो, नव्या रंगाचा थोडा, पुस्तकांचा थोडा.

"नाही ना येत?" बाई विचारतात. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत उभ्या असतात.

"नाही," मावशी सांगते. ते खरं असतं.

"बसा ना. पाणी तरी घ्या."

"नको," मावशी म्हणते, पिशवी उचलते आणि जिना उतरते.